धनको नव्हे, भागीदार

(उद्योगेच्छू तरुण आणि त्यांचे पालक यांच्यासमोर सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



'मोबाइल तंत्रज्ञानातील नवे उद्योग आणि त्यांच्यामागची माणसे' असा विषय आज मला दिलेला आहे. विषयात 'माणसे' हा शब्द आवर्जून घातला, याबद्दल संयोजकांचे मी प्रथम आभार मानतो. अशा उद्योगांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात कोटींचे आकडे असतात, एखाद्या तरुणाचे छायाचित्र असते आणि त्याच्या कल्पनेचे कौतुक असते. त्या तरुणाच्या शेजारी कोण उभे होते, पहिला पैसा कोणी दिला, कोणत्या विश्वासावर दिला आणि अडचणीच्या काळात तो देणारा कसा वागला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. माझ्या मते उद्योगाचे भवितव्य ठरते ते याच प्रश्नांच्या उत्तरांवर.

आज समोर दोन पिढ्या बसल्या आहेत. मोबाइलवर चालणारे एखादे उपयुक्त साधन तयार करून त्यावर स्वतःचा उद्योग उभारावा, अशी आकांक्षा बाळगणारे तरुण येथे आहेत. त्यांचे आई-वडील, काका, मामा हेही आहेत. आयुष्यभराच्या कष्टाची पुंजी त्यांनी बँकेतील ठेवीत, थोड्या सोन्यात आणि जमिनीच्या एखाद्या तुकड्यात जपून ठेवली आहे. तरुणांना उपदेश करणारी व्याख्याने पुष्कळ होतात. म्हणून आज मी अधिक बोलणार आहे ते या दुसऱ्या पिढीशी. उद्योजक घडवण्याची चर्चा आपण उदंड करतो. उद्योजकाच्या पाठीशी उभा राहणारा गुंतवणूकदार घडवण्याची चर्चा मात्र आपल्याकडे जवळजवळ होतच नाही.

कुंडलच्या माळावरचा प्रयोग

हा गुंतवणूकदार कसा असावा, हे पाहण्यासाठी आपल्याला कॅलिफोर्नियाला जाण्याची आवश्यकता नाही. सातारा आणि सांगली या दोनच जिल्ह्यांच्या भूमीवर त्याचे उत्तम उदाहरण १९१० मध्ये घडून गेले आहे. किर्लोस्करवाडीचे नाव येथे सर्वांना परिचित आहे. परंतु त्या कथेतील एका अंगाकडे आपले लक्ष जावे तितके जात नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटन शिकवत. बढतीत आपल्याला डावलले गेले, हे सहन न होऊन त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालवत असतानाच त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवण्यास आरंभ केला. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष कालवले जाते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यासच दोन वर्षे लागली, असे सांगतात. तरीही धंदा कसाबसा उभा राहत होता. इतक्यात नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा सोडण्यास फर्मावले. यंत्रे होती, कारागीर होते, मनात योजना होत्या, पण पाय टेकायला जागा उरली नाही.

त्या वेळी लक्ष्मणरावांच्या साहाय्याला आले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध ही त्या लहानशा संस्थानाची राजधानी. नोव्हेंबर १९०९ मध्ये बाळासाहेब गादीवर आलेले होते. म्हणजे राज्यकारभार हाती येऊन काही महिनेच झाले होते. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडलजवळची जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जागा म्हणजे बत्तीस एकरांचा ओसाड माळ होता. निवडुंग माजलेला, नागसापांचा सुळसुळाट असलेला. पण कुंडल रोड हे रेल्वेचे स्थानक जवळ होते, आणि लोखंड व कोळसा आणायचा, तयार नांगर गावोगाव पाठवायचे, तर रेल्वेवाचून ते शक्य नव्हते. मार्च १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

एकट्याचे काम नव्हे

आजच्या नव्या उद्योगात पैसे गुंतवणारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो असा : तुमच्याबरोबर कोण आहे? हा प्रश्न १९१० मध्ये कोणी लक्ष्मणरावांना विचारला असता, तर त्यांनी काय उत्तर दिले असते?

ते म्हणाले असते, वसाहतीची आखणी आणि तिचा प्रपंच रामूअण्णा पाहतील. यंत्रांच्या कामात शंभुराव जांभेकर आहेत, आणि कोणत्याही कामाला हात घालण्याची त्यांची तयारी आहे. हिशोबाची बाजू मंगेशराव रेगे यांच्याकडे आहे. परीक्षांमध्ये यश न मिळालेले, पण माणसे आणि अडचणी हाताळण्यात निष्णात असलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापन सांभाळतील. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर आहेत. त्यांच्यामध्ये कल्पक यंत्रज्ञ दडलेला आहे. आणि रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी आहेत. पूर्वायुष्यात दरोडेखोर म्हणून ओळखला गेलेला हा माणूस कारखान्याचा विश्वासू रखवालदार झाला.

या मंडळींच्या हाती प्रमाणपत्रे फारशी नव्हती. प्रमाणपत्र पाहून निवड झाली असती, तर यांतील निम्मी माणसे दारातूनच परत गेली असती. परंतु एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. यातील प्रत्येकाचे काम वेगळे आहे. एकाची उणीव दुसरा भरून काढतो आहे. आजचे तरुण उद्योग सुरू करतात तेव्हा अनेकदा एकाच महाविद्यालयातील, एकाच शाखेतील तिघे-चौघे मित्र एकत्र येतात. चौघांनाही संगणकाची भाषा लिहिता येते, आणि चौघांपैकी एकालाही परक्या माणसाच्या दारात उभे राहून वस्तू विकता येत नाही. चौघेही संचालक होतात आणि महिन्याचा हिशोब मात्र कोणीच लिहीत नाही. मैत्री ही चांगली गोष्ट आहे, पण मैत्री म्हणजे संघटन नव्हे. बनवणारा, विकणारा आणि हिशोब ठेवणारा हे तिघे वेगवेगळे आणि तितक्याच तोलाचे असतील, तेव्हाच त्या मंडळींना नेतृत्व म्हणता येईल. त्यात मी आणखी एक अट घालेन. प्रमुखाला तोंडावर 'हे चुकते आहे' असे सांगू शकणारा एक तरी माणूस त्यांच्यात असला पाहिजे.

कागदावर कर्ज, वृत्तीने भागीदारी

आता औंधकरांकडे वळू. कोणी म्हणेल, त्यांनी तर कर्ज दिले होते, मग ते सावकारच झाले. त्यांना भागीदार कसे म्हणायचे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्या व्यवहाराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे.

सावकार तारण पाहतो. ज्याचा कारखाना नुकताच उठवला गेला आहे, त्याच्याकडे तारण म्हणून दाखवण्यासारखे काय असणार? बाळासाहेबांनी पाहिला तो माणूस आणि त्याचे काम. दुसरे असे की, धनकोचा संबंध मुद्दल आणि व्याज यांपुरता असतो. कर्जदार बुडो वा तरो, त्याचे येणे वसूल झाले की त्याचे समाधान होते. औंधकरांचे हित याहून व्यापक होते. हा कारखाना चालला तर संस्थानच्या प्रजेला काम मिळणार होते, उजाड माळावर गाव वसणार होते आणि शेतकऱ्याच्या हाती नवे अवजार येणार होते. कारखान्याच्या यशात संस्थानचे यश होते आणि अपयशात संस्थानचीही हानी होती. दुसऱ्याच्या यशापयशात ज्याचा स्वतःचा वाटा असतो, त्यालाच भागीदार म्हणतात. मग दस्तऐवजावर कोणताही शब्द लिहिलेला असो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. नांगराचा फाळ कसा असावा, हे राजाने ठरवले नाही. ज्याचे काम त्याच्याकडे, आणि देणाऱ्याचा विश्वास त्याच्या पाठीशी, अशी ती व्यवस्था होती. त्या दहा हजार रुपयांतून काय उभे राहिले, ते आपण जाणतो. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीहून निघू लागलेल्या नियतकालिकाने पुढे मराठी वाचकाला घडवले. १९४६ मध्ये पुण्यात 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' उभी राहिली. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात.

येथे कोणी असेही म्हणेल की, राजाच्या तिजोरीशी सामान्य माणसाची तुलना कशी करावी? त्याच काळात त्याचेही उत्तर सामान्य माणसाने दिले होते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे १९१६ मध्ये आपल्या कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना सुरू झाला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी लागला. तेव्हा प्रश्न रकमेच्या लहान-मोठेपणाचा नाही.

लालगुणच्या भावंडांची गोष्ट

आता शंभर वर्षे ओलांडून आपल्या काळात येऊ. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात लालगुण नावाचे गाव आहे. कैलास आणि संजय काटकर हे बंधू मूळचे तेथले. वडिलांच्या नोकरीमुळे वाढले पुण्यात. कैलासरावांचे शिक्षण दहावीपर्यंत झाले. १९८५ च्या सुमारास रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ते महिना चारशे रुपयांवर काम करू लागले. काही वर्षांनी सुमारे पंधरा हजार रुपयांच्या पुंजीवर त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. संगणकाचा काळ येतो आहे, हे ओळखून त्यांनी संगणकदुरुस्ती आत्मसात केली, धाकट्या भावाला संगणकशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला आणि १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' ही संस्था सुरू केली. दुरुस्तीला येणारे अनेक संगणक विषाणूंनी बिघडलेले असत. त्यावरचा उपाय संजयरावांनी स्वतः लिहिला, आणि १९९५ च्या सुमारास तो 'क्विक हील' या नावाने बाजारात आला.

या उद्योगाचा पहिला गुंतवणूकदार कोण? दुरुस्तीच्या दुकानाचा गल्ला, हे त्याचे उत्तर. थोरला भाऊ दिवसभर यंत्रे दुरुस्त करून पैसे मिळवी आणि धाकट्या भावाच्या संशोधनाला वेळ मिळवून देई. संशोधनातून लगेच पैसा येत नाही. तो येईपर्यंत घर चालवणारा आणि रोज 'कधी होणार?' असे न विचारणारा कोणी तरी लागतो. भाऊच भावाचा भांडवलदार झाला, असे म्हटले तरी चालेल. पुढे विक्रीचे जाळे विणण्यासाठी अभिजित जोरवेकर त्यांना मिळाले. कैलासरावांच्या पत्नी अनुपमा यांनीही कारभारात जबाबदारी उचलली. बनवणारा वेगळा, विकणारा वेगळा, कारभार पाहणारा वेगळा! किर्लोस्करवाडीचीच रचना येथेही दिसते.

बाहेरचे मोठे भांडवल या कंपनीत आले ते २०१० मध्ये, म्हणजे आरंभानंतर सतरा वर्षांनी. अमेरिकेत मूळ असलेल्या 'सिकोया कॅपिटल' या गुंतवणूक संस्थेने साठ कोटी रुपये देऊन सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. हा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. याला साहस भांडवल म्हणतात. हे भांडवल देणारा व्याज मागत नाही आणि घर गहाण ठेवून घेत नाही. तो कंपनीचा हिस्सा विकत घेतो, संचालक मंडळात आपला माणूस बसवतो, सल्ला देतो, ओळखी करून देतो आणि काही वर्षांनी आपला हिस्सा विकून बाहेर पडतो. कंपनी बुडाली तर त्याचा पैसाही बुडतो. दहा ठिकाणी लावलेल्या पैशांपैकी अनेक ठिकाणी तोटा होणार, हे त्याने गृहीतच धरलेले असते. एक-दोन ठिकाणच्या मोठ्या यशातून तो भरून निघावा, अशी ती योजना असते.

पुढे मोबाइल हाच सामान्य माणसाचा संगणक झाला. पैशांचे व्यवहार, छायाचित्रे, कागदपत्रे सारे त्यात आले, आणि कंपनीने मोबाइलच्या संरक्षणाची साधनेही तयार केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर ३२१ रुपये भावाने जनतेला देऊ करण्यात आले; सुमारे ४५१ कोटी रुपये उभे राहिले. त्याच विक्रीत सिकोयाने आपल्या हिश्श्याचा काही भाग मोकळा केला. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बाजारात व्यवहार सुरू झाले त्या पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या किमतीपेक्षा बराच खाली आला. ज्यांनी झटपट लाभाच्या आशेने अर्ज केले होते, त्यांची निराशा झाली. शेवटच्या पायरीवर येऊन दोन दिवसांत नफा काढू पाहणारा आणि उद्योग वाढवण्यासाठी वर्षानुवर्षे सोबत राहणारा यांच्यातील भेद त्या दिवशी स्पष्ट झाला.

मात्र माझ्या मनाला खरी बोच आहे ती वेगळीच. लालगुणच्या मुलांच्या बुद्धीवर साठ कोटी लावण्यासाठी माणूस सातासमुद्रापलीकडच्या संस्थेतून यावा लागला. तिने ते धाडस केले, तिला तिचा वाजवी मोबदला मिळाला. त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ज्या निधीतून तो पैसा आला, तो साताऱ्याच्या वा सांगलीच्या घरांतून जमलेला नव्हता. बुद्धी आपली, कष्ट आपले, आणि विश्वास मात्र दुसऱ्याचा! स्वदेशीचा विचार आपण वस्तूंपुरता केला. भांडवलाची स्वदेशी हा विषय अद्याप पुरता हाती घेतलेला नाही.

पेवातली हळद

आपल्या भागात पैसा नाही, असे कोणी म्हणू नये. आणि आपल्या माणसाला जोखीम पेलत नाही, असे तर मुळीच म्हणू नये. सांगलीच्या हळदीचा व्यापार पाहा. हरिपूरच्या जमिनीत खोल खोदलेल्या पेवांमध्ये हळद साठवायची, तोंड बंद करायचे आणि त्या पेवाच्या पावतीवर सौदे करायचे, अशी येथील जुनी रीत. माल डोळ्यांपुढे नाही, जमिनीखाली आहे. तरीही व्यापारी पैसे मोजत असे. का? कारण पावती देणाऱ्याची पत त्याला माहीत होती.

दुसरे उदाहरण आमच्या गलाई बांधवांचे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूतील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी भारतभर गेली. नवा मुलगा आधी नातलगाच्या वा गाववाल्याच्या दुकानात उमेदवारी करतो, काम शिकतो, आणि त्याची तयारी झाली की तोच नातलग त्याला दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान काढण्यास हात देतो. तारण काय? गावाची ओळख आणि दुकानात घालवलेली उमेदवारीची वर्षे. साहस भांडवलाचे सगळे तत्त्व यात आहे. फक्त नाव वेगळे.

मग जमिनीखालच्या हळदीवर पैसे लावणारे आपण, घरातल्या पोराच्या बुद्धीवर ते का लावत नाही? त्याच मुलाच्या शिक्षणासाठी पंधरा लाखांचे कर्ज काढताना आपला हात थरथरत नाही. त्याने नोकरी सोडून उद्योग काढतो म्हटले, की दोन लाखांसाठी आपण त्याला बँकेचा रस्ता दाखवतो. बँक तारण मागते. मोबाइलसाठी लिहिलेली प्रणाली ही काही गोदामात रचून ठेवण्याची वस्तू नाही. तिचे तारण होत नाही. शेवटी तो मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला जातो आणि दुसऱ्याचा उद्योग मोठा करतो.

पोळलेले तोंड

येथे बसलेल्या अनेकांच्या मनात एक शंका आली असेल. तिचा मी अनादर करणार नाही. अधिक व्याजाच्या आशेने ठेवलेल्या ठेवी अडकल्या, दामदुप्पट योजना काढणारे रातोरात पसार झाले, शेअर बाजाराच्या नावाने महिना अमुक टक्के देतो म्हणणारे पुन्हा पुन्हा येतात. या दोन्ही जिल्ह्यांत असे अनुभव घेतलेली कुटुंबे आहेत. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकून प्यायले, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

पण त्या फसवणुकीतील समान सूत्र कोणते होते? तेथे ठरावीक परताव्याचे वचन होते, आणि पैसा नेमका कुठे जातो, हे विचारण्याची सोय नव्हती. उद्योगातील खरी भागीदारी याच्या नेमकी उलट असते. तेथे परताव्याचे वचन नसते आणि हिशोब मात्र उघडा असतो. जो तरुण तुम्हाला 'दरमहा इतके देईन' असे सांगतो, त्याला नम्रपणे नकार द्या. त्याला एक तर उद्योग कळलेला नाही किंवा त्याच्या मनात दुसरेच काही आहे. जो म्हणतो की 'हा पैसा बुडूही शकतो. पण दर महिन्याला हिशोब तुमच्यासमोर ठेवीन', त्याला बसवून घ्या आणि त्याचे पूर्ण ऐका.

कायद्याने उभी केलेली एक मोठी अडचणही आता दूर झाली आहे. २०१२ पासून लागू झालेल्या एका तरतुदीनुसार, नव्या खाजगी कंपनीने आपले शेअर वाजवी मूल्यापेक्षा अधिक किमतीला दिले, तर ती वरची रक्कम कंपनीचे उत्पन्न मानून तिच्यावर कर लागत असे. २०२३ पर्यंत ही तरतूद भारतात राहणाऱ्या गुंतवणूकदाराच्या पैशालाच लागू होती. परदेशातून आलेल्या पैशाला तिची झळ नाही आणि शेजारच्या काकांनी दिलेल्या पैशाला मात्र ती आहे, असा हा विपरीत न्याय होता. मधल्या काळात मान्यताप्राप्त नवउद्योगांना सवलती मिळाल्या, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात हा कर रद्दच झाला. आता सरकारकडे बोट दाखवून स्वस्थ बसण्याचे एक कारण तरी कमी झाले आहे.

आपल्याला काय करता येईल

मोठ्या योजना सांगण्यापेक्षा, एका मध्यमवर्गीय कुटुंबाला करता येतील अशा चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट मर्यादेची. जी रक्कम पूर्ण बुडाली तरी मुलीचे शिक्षण, आजारपण आणि म्हातारपण यांना धक्का लागणार नाही, तेवढीच रक्कम यात घाला. एकाच उद्योगात सारी न घालता पाच-दहा कुटुंबांनी मिळून दोन-तीन उद्योगांत थोडी थोडी घालावी.

दुसरी गोष्ट कागदाची. नात्यातला व्यवहार आहे म्हणून तोंडी ठेवू नका. रीतसर कंपनी असावी, शेअर तुमच्या नावे असावेत, कोणाचा किती हिस्सा आणि वाद झाल्यास काय, हे आरंभीच लिहिलेले असावे. खाजगी कंपनीला सर्वसाधारण जनतेकडून भांडवल मागता येत नाही आणि तिच्या सभासदांची संख्या दोनशेच्या आत असावी लागते, हेही ध्यानात ठेवा. गावातल्या चांगल्या सनदी लेखापालाची फी वाचवू नका. चोख कागद हा अविश्वास नव्हे. नाते टिकवण्याचा तो उपाय आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी, कुपवाड आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत काम करून निवृत्त झालेले यंत्रज्ञ, हिशोबनीस, विक्री व्यवस्थापक आपल्यात आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा तरुणांबरोबर बसावे. हुकूम सोडण्यासाठी नव्हे, प्रश्न विचारण्यासाठी. नांगराचा फाळ राजाने ठरवला नाही, हे येथे आठवावे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिला ग्राहक हाही गुंतवणूकदारच असतो. आपल्या भागाच्या गरजा बंगळूरला बसलेल्या माणसाला कशा कळणार? तासगावच्या द्राक्षबागायतदाराला पावसाची सर येण्यापूर्वी फवारणीचा निर्णय घ्यायचा असतो. ऊसतोडीची पाळी कधी येणार, यासाठी शेतकरी हेलपाटे घालतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तोडल्यापासून काही तासांत बाजाराकडे निघावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, २०२१ मध्ये पुन्हा आला. आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढले आणि आपल्या गल्लीत ते केव्हा शिरेल, हा तेव्हा हजारो घरांचा जीवनमरणाचा प्रश्न होता. मोबाइलचे तंत्रज्ञान उपयोगी पडावे असे प्रश्न ते हेच. आपले साखर कारखाने, दूध संघ, बाजार समित्या आणि व्यापारी पेढ्या यांनी स्थानिक तरुणांनी बनवलेले साधन एक हंगाम वापरून पाहावे, त्यातील उणिवा स्पष्ट सांगाव्यात आणि त्याचे पैसे वेळेवर द्यावेत. वेळेवर चुकते केलेले पहिले बिल हे नव्या उद्योगाला कोणत्याही पारितोषिकापेक्षा अधिक बळ देते.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. कुटुंबाने तुम्हाला दिलेला पैसा ही तुमची कमाई नाही. तो तुमच्याकडे ठेवलेला विश्वास आहे. त्यातून प्रथम कार्यालयाची सजावट आणि गाडी येत असेल, तर तुमच्यानंतर येणाऱ्या दहा तरुणांच्या वाटेत तुम्ही काटे पेरता. वाईट बातमी सर्वांत आधी गुंतवणूकदाराला सांगा. प्रयत्न करून उद्योग बुडाला, तर समाज ते समजून घेईल आणि समजून घेतले पाहिजे. लपवाछपवी मात्र समाज विसरणार नाही.

बंधू-भगिनींनो, १९१० मध्ये कुंडलच्या माळावर निवडुंगाशिवाय काहीही नव्हते. तेथे उद्योग उभा राहिला, कारण काम करणाऱ्या माणसांची एक फळी जमली होती आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक माणूस वेळेवर पुढे आला होता. काम करणाऱ्यांची फळी आजही आहे. ती या सभागृहात बसलेली मला दिसते आहे. वेळेवर पुढे येणाऱ्या माणसाची जागा रिकामी आहे. आता राजे राहिले नाहीत, संस्थाने विलीन झाली. त्या राजाचे कर्तव्य आता तुमच्या-माझ्यासारख्या शेकडो घरांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटून घ्यायचे आहे. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला वा पुतण्याला समोर बसवून 'तुझ्या मनात काय आहे, ते सविस्तर सांग' एवढे जरी आपण म्हणालात, तरी त्या कर्तव्याचा आरंभ झाला, असे मी समजेन.